घरातलं मूल म्हणजे तुझं प्रॅक्टिकल नव्हे

प्रिय ताई,

मी पुण्यात बालविकास आणि कुटुंब अभ्यास हा विषय घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वारज्याला आम्ही सगळे एकत्र राहतो: आजी, आई-बाबा, दादा-वहिनी आणि त्यांचा सव्वादोन वर्षांचा मुलगा. दादा-वहिनी दोघंही हिंजवडीला कामाला जातात, आईची शाळा असते, त्यामुळे दिवसभर बाळ आजीकडे असतं. तो फार कमी बोलतो, जेमतेम आठ-दहा शब्द. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. मोबाईलशिवाय घास खात नाही. गेल्या महिन्यात आम्हाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, शिकवली. मी नेटवरची एक प्रश्नावली त्याच्यासाठी भरून बघितली आणि रात्री जेवताना बोलून गेले, की ह्याला ऑटिझम असू शकतो, आणि तो मोबाईलमुळेच झालाय. वहिनी ताटावरून उठली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. दादा म्हणतो, तुझं शिक्षण कॉलेजात ठेव. आजी म्हणते, दादासुद्धा उशिराच बोलायला लागला होता. बाबा म्हणतात, घरात भांडणं लावणारं शिक्षण काय कामाचं, मानसशास्त्राला बदल, नाहीतरी ह्यातून बालवाडीची बाई होण्यापलीकडे काय होणार? माझं काय चुकलं? आणि बाबांचं खरं आहे का?

– एक आत्या, वारजे


प्रिय आत्या,

सही छान केली आहेस, पण त्या रात्री जेवताना तू आत्या नव्हतीस. तिथून सुरुवात करायचा मोह होतोय, पण बाळाचं काम आधी, कारण ते थांबू शकत नाही.

सव्वादोन वर्षांच्या मुलाला आठ-दहाच शब्द येत असतील तर तपासणी व्हायला हवी. दोन वर्षं पूर्ण होईतो बहुतेक मुलं दोन शब्द जोडायला लागतात. ‘पाणी दे’, ‘बाबा आला’, ‘नको भाजी’ एवढं सहज येतं. ते अजून आलेलं नसेल तर काळजी वाटणं रास्त आहे, आणि ती घरात पहिल्यांदा तुला वाटली याचं श्रेय तुझं. पण काळजी वाटणं आणि नाव देणं यात मोठं अंतर आहे, ते तू एका घासात कापलंस.

तू भरलीस ती बहुधा सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीची वीस प्रश्नांची प्रश्नावली असावी. ती चाळणी आहे. चाळणीत खडा अडकतो तसा मोठा दाणाही अडकतो, म्हणून वर काय राहिलंय ते मग हाताने निवडावं लागतं. या प्रश्नावलीत ते निवडण्याचं काम पुढच्या मुलाखतीत आणि तज्ज्ञांच्या तपासणीत होतं. चाचणीत अडकलेली कितीतरी मुलं पुढे स्वमग्न नाहीत असं ठरतं, काहींची अडचण वेगळीच निघते. शिवाय ती उत्तरं आई-वडिलांनी द्यायची असतात. तू दिवसभर कॉलेजात. मग ‘बोट दाखवून वस्तू मागतो का’ याचं उत्तर तू कशावरून दिलंस?

पहिली तपासणी कानांची. कधी बघतो, कधी बघत नाही, हे तू स्वमग्नतेच्या बाजूने धरलंस. अर्धवट ऐकू येणारं मूलसुद्धा नेमकं असंच वागतं. लहान मुलांना सारखी सर्दी होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. जन्मल्यावर दवाखान्यात कानांची चाचणी ठीक आली होती म्हणून आजही ठीक असेल असं धरू नये. लसी देणारे तुमचे जे बालरोगतज्ज्ञ आहेत त्यांच्याकडेच आधी जायचं. ते कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवतील, गरज वाटली तर बेरा नावाची, आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी चाचणी सांगतील. ती मूल झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. आजीला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर ‘एवढ्याशा जिवाच्या डोक्याला तारा लावल्या’ म्हणून नवं महाभारत उभं राहील.

कानांनंतर विकासाची तपासणी. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहेच. सरकारी मार्गही आहे: 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि विकासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, विनामूल्य. तिथे किंवा खासगीत जी मोजपट्टी लावतील ती कदाचित डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर बेतलेली असेल. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतची, हालचालींच्या 67 आणि मानसिक विकासाच्या 163 बाबींची. तुमच्या अभ्यासक्रमात तिचं नाव आलं असेलच. ती लावायला प्रशिक्षण लागतं, म्हणून कपाटातली पेटी काढून घरी प्रयोग करू नकोस. अडीच वर्षं उलटायच्या आत हे सगळं झालं तर बरं.

आजीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. घराण्यात कोणी उशिरा बोललं होतं का, हे डॉक्टर हमखास विचारतात, ते लिहून घे. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपापली मार्गी लागतातही. मात्र कोणतं लागेल आणि कोणतं नाही हे आधी कळत नाही, म्हणून दादाच्या उदाहरणावर वर्षभर वाट बघायची नाही. तपासणी करून काही निघालं नाही तर एक सुट्टी गेली, इतकंच.

आता ‘मोबाईलमुळेच’. हे तू कुठे शिकलीस? वर्गात नक्कीच नाही. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि ती मोबाईल दाखवल्याने जडते असं म्हणायला आधार नाही. स्क्रीनपुढे गेलेल्या वेळात मुलाशी होणाऱ्या गप्पा कमी होतात आणि त्याचा बोलण्यावर परिणाम होऊ शकतो, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार या वयात दिवसाला तासाभराच्या वर नको, कमी तर बरंच. म्हणजे मोबाईल कमी करायचाच आहे, पण तुझ्या तोंडून निघालेल्या कारणासाठी नव्हे.

आणि या वाक्याला एक इतिहास आहे, तो मला वाटतं तुला माहीत असायला हवा. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्न मुलांचं वर्णन पहिल्यांदा नीट मांडलं. त्यानंतरची वीसेक वर्षं मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले की आया थंड, मायाहीन असतात म्हणून मुलं अशी होतात. आधीच खचलेल्या आयांवर वर हा ठपका. 1964 साली बर्नार्ड रिमलंड यांनी पुराव्यानिशी तो खोडून काढायला घेतला. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. तज्ज्ञांनी मागे घेतलेला तो ठपका तू वारज्यातल्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा मांडलास, तोही सासू, आजेसासू, सासरे आणि नवरा यांच्यासमोर. वहिनी ताटावरून उठली नसती तरच नवल.

बरं, तुझ्याच पत्रात तू लिहिलंयस की बाळ दिवसभर आजीकडे असतं. दुपारच्या घासाला मोबाईल कोण देतं? वहिनी तेव्हा हिंजवडीला असते, संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून ती आणि दादा घरी पोहोचेपर्यंत बाळाचं रात्रीचं जेवणही बहुधा उरकलेलं असतं. मग बोलणं आजीला लागायला हवं होतं का? तेही नको. धावत्या पोरामागे वाटी घेऊन फिरणं आजीच्या गुडघ्यांना झेपत नसेल, आणि मोबाईल दिला की मूल एका जागी बसतं. आई शाळेत, तू कॉलेजात, बाबा कामावर. मानसशास्त्रज्ञ ब्रॉन्फेनब्रेनर यांची एकात एक वर्तुळं तू परीक्षेत काढली असशील. मधोमध मूल, त्याभोवती घर, त्याबाहेर आई-वडिलांच्या नोकऱ्या, त्याबाहेर सरकार-समाज. तुमच्या घरातल्या त्या मोबाईलमध्ये हिंजवडीच्या कामाच्या वेळा आहेत, आजीचे गुडघे आहेत, आणि वहिनीच्या कंपनीत पाळणाघर आहे की नाही हेही आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करायची आहे. वहिनीच्या ऑफिसात ती आहे का, हे घरात कोणी कधी विचारलंय? आकृतीला गुण मिळतात, पण ती आपल्या घरावर ठेवून बघायचं राहून जातं.

तुझ्या विषयाच्या नावात ‘कुटुंब अभ्यास’ पण आहे, आणि त्याचा पहिला धडा हा की बोलणारा कुठे उभा आहे त्यावर बोलणं ठरतं. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात बसून इरावती कर्व्यांनी देशभरातल्या नातेव्यवस्थेचा अभ्यास केला. माहेरच्या मुलीला जी मोकळीक असते ती सासरच्या सुनेला नसते, हे आपल्या आज्यांना अभ्यासाविना ठाऊक होतं, त्यांनी ते मांडून दाखवलं. तू घरची मुलगी. तू चुकीचं बोललीस तरी रात्री आईच्या शेजारी जाऊन झोपशील. तेच वाक्य वहिनीला नणंदेकडून आलं. डॉक्टरांच्या तोंडून आलं असतं तर ती घाबरली असती. नणंदेच्या तोंडून आलं म्हणून तिचा अपमान झाला.

तर वहिनीची माफी मागायची आहे, आणि ती विषयाची नव्हे, पद्धतीची. ती एकटी असताना, शक्यतो रविवारी, बाळ झोपल्यावर. ‘वहिनी, मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. ऑटिझम आहे का हे मला कळत नाही आणि कळणारही नाही, तेवढं माझं शिक्षण नाही. मोबाईलचं बोलले ते तर साफ चुकीचं होतं. पण तो कमी बोलतोय हे तुलाही जाणवत असेल. आधी कान तपासून घेऊया का? तू आणि दादा जाणार असाल तर आजीजवळ मी थांबते, आणि तू म्हणालीस तर बरोबरही येते.’ एवढंच. ‘पण माझ्या मनात वाईट नव्हतं’ हे शेपूट जोडू नकोस. ती रडली तर रडू दे. बहुतेक तिने हे सगळं तुझ्याआधी रात्री जागून नेटवर वाचलेलं असेल. आया वाचतातच.

ती हो म्हणाली तर तुझ्या शिक्षणाचा खरा उपयोग तेव्हा आहे. डॉक्टर दहा-पंधरा मिनिटं बघतात, तेवढ्यात मूल एकतर रडतं नाहीतर दाराकडे पळतं. त्यांना घरचं मूल कसं आहे ते कळत नाही. एक वही कर, आठवडाभर टिपणं ठेव. कॉलेजच्या जर्नलमध्ये जशी लिहायला शिकवतात तशी: ‘मंगळवार, संध्याकाळी सहा. कुकरची शिट्टी झाली, मान वळवली. मागून नावाने दोनदा हाक, वळला नाही. समोर येऊन हाक, हसला. फ्रिजकडे आजीचा हात ओढत नेला, बोट दाखवलं नाही.’ यात ‘हट्टी’, ‘लक्ष नाही’, ‘चिडखोर’ असला एकही शब्द नको. जर्नलमध्ये ‘मूल हट्टी होते’ लिहिल्यावर मॅडम लाल शाईने गोल करतात, तो गोल तुला आता समजेल. कोणते शब्द बोलतो ते जसेच्या तसे लिही, ‘पाणी’ला ‘मम’ म्हणत असेल तर ‘मम’. वही वहिनीच्या हातात दे. डॉक्टरांना द्यायची की नाही हे ती ठरवेल. वहीवर तुझं नाव नको, आणि या मुलाची केस स्टडी कॉलेजात सादर करायची नाही, टोपणनावानेही नाही. नर्सरीतल्या मुलांच्या पालकांची तुम्ही परवानगी घेता ना? घरच्या मुलाच्या आई-बापांनी तुला ती दिलेली नाही.

दरम्यान तपासणीच्या निकालाची वाट न बघता एक गोष्ट सुरू करता येते. कॉलेजातून आल्यावर संध्याकाळचा एक घास-वाटीचा कार्यक्रम तू घे, मोबाईलशिवाय. पहिले काही दिवस तो खाणार नाही, सांडेल, आजी कुरकुरेल. तू त्याच्या ताटातल्या गोष्टींबद्दल बोलत राहा, मराठीतच. ‘दोन भाषा ऐकल्या की मुलं गोंधळतात आणि बोलत नाहीत’ असं सोसायटीतलं कोणी सांगेल, ते खरं नाही. पण म्हणून घरात जी भाषा सगळ्यांना सहज येते ती सोडून मुद्दाम इंग्रजीतून बोलायचंही कारण नाही.

आता बाबा.

बाबांचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं तुला कोणी स्पष्ट सांगत नसेल तर मी सांगते. तुला जर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल, म्हणजे निदान करणं, उपचार करणं, तर मानसशास्त्राच्या पदवीचा रस्ता सरळ आहे, आणि पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. विशेष शिक्षिका व्हायचं तरी तीच नोंदणी. वाचा-उपचार करायचे असतील तर त्याची पदवी वेगळी, ती बारावीनंतर वेगळ्या कॉलेजात करावी लागते, बालविकासात एम.एस्सी. करून त्या वाटेला लागता येत नाही. तिसऱ्या वर्षात पोहोचलेल्या मुलींना हे कळतं तेव्हा त्या रडतात, म्हणून आत्ताच सांगितलं.

पण तुला ते व्हायचंय असं पत्रात कुठेच नाही. भांडण झालं म्हणून विषय बदलणं हे काही कारण नव्हे. मानसशास्त्रात मूल हा एखाद-दुसऱ्या पेपरचा विषय असतो. तुझ्याकडे गर्भापासून म्हातारपणापर्यंतचा माणूस आहे, त्याचा आहार, त्याचं घर, कायदे, आणि रोज समोर खरीखुरी मुलं. तुला त्यात रस आहे, नाहीतर ती प्रश्नावली तू भरलीच नसतीस.

‘बालवाडीची बाई’ हा शब्दप्रयोग बाबांनी तुच्छतेने वापरला, त्यांना एवढंच सांग की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालवाडीच्याच बाया होत्या. 1945 साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, पुढे कोसबाडला, आदिवासी पाड्यांवर जाऊन अंगणात शाळा भरवली. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि आज गावोगावी अंगणवाड्या आहेत. ताराबाईंना पद्मभूषण, अनुताईंना पद्मश्री मिळाली. अर्थात पद्म पुरस्कारावर घर चालत नाही. पुण्यातल्या चकाचक प्री-स्कूलमध्ये फी भरमसाट आणि शिक्षिकेचा पगार बघवत नाही इतका, हे बाबांना दिसतं, आणि त्यांना दिसतं ते खोटं नाही. नुसत्या पदवीवर थांबलीस तर बहुधा तिथेच पोहोचशील. म्हणून पुढचं शिक्षण गृहीत धर.

पुढे काय, ते थोडक्यात. शाळेत समुपदेशक व्हायचं तर बालविकासातली पदव्युत्तर पदवी चालते का, हे सीबीएसईच्या चालू नियमांत बघ. समाजकार्याकडे वळायचं तर कर्वे समाज सेवा संस्था तुझ्या घराजवळच आहे. दत्तक संस्था, बालकल्याण समितीसाठीचं काम, कौटुंबिक न्यायालय, तिकडची दारं त्या पदवीने उघडतात. सरकारी नोकरी हवी तर बालविकास प्रकल्प अधिकारी, एमपीएससीमार्फत. महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यातच आहे. पात्रता जाहिरातीत वाचायची, मैत्रिणीच्या तोंडून नाही. पाळणाघरांचं वर सांगितलंच, तेही एक क्षेत्र.

आणि एक दार असं आहे जे पुण्यात राहून मुलींना दिसत नाही, त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. संशोधन. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 साली के.ई.एम.च्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने बायकांचा अभ्यास सुरू केला, गरोदर राहण्याच्या आधीपासून. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. तरीही आपल्या बारक्या बाळांच्या अंगावर चरबी तुलनेने टिकून होती. आपल्याकडे मधुमेह इतका का, याचं एक उत्तर त्या गावांतल्या आयांच्या ताटापर्यंत गेलं. ती मुलं मोठी झाली तरी अभ्यास चालूच राहिला. त्याच रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा माग अठराव्या वर्षापर्यंत ठेवला, बुद्धी, शाळा, सगळं बघत. अशा कामाला डॉक्टर लागतात, तशीच घरोघर जाऊन मुलाशी खेळत नेमकं काय केलं ते टिपणारी माणसंही लागतात. ही माणसं मिळत नाहीत. मिळतात ती ‘मूल हट्टी होते’ लिहिणारी.

बाबांशी बोलताना दादाचा विषय काढू नकोस, वहिनीचाही नाही. नुसतं विभागातल्या मॅडमना विचार की तुमच्या मागच्या काही बॅचमधल्या मुली आज कुठे आहेत, आणि ती यादी घरी घेऊन जा. यादी देता आली नाही तर तेही बाबांना सांग, लपवू नकोस. विषय बदलल्यास झालेल्या वर्षांचे क्रेडिट किती धरतील हेही कार्यालयात लेखी विचारून घे. बोलण्यात सगळं चालतं, प्रवेशाच्या वेळी चालत नाही. तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपची जागा निवडायची वेळ आली की प्री-स्कूल मागू नकोस, ते तुला जमतंच. एखाद्या रुग्णालयातलं बालविकास केंद्र किंवा अंगणवाडी प्रकल्प माग.

पण आधी रविवार, वहिनी आणि कानांची तपासणी. बालरोगतज्ज्ञांची वेळ वहिनीला घेऊ दे, तिच्या फोनवरून.

– ताई